घड्याळ कोणाचे?

इथे लिक्सलिपमध्ये मीटिंगला उशिरा पोचलो की "इंडियन स्ट्रेचेबल टाइम!" म्हणत मी स्वतःच हसून घेतो. पण मंडळी, आयरिश लोकांचेही वेगळे घड्याळ होते. १८८० पासून कायद्याने डब्लिनची वेळ ग्रिनिचच्या २५ मिनिटे मागे असे. ईस्टरच्या बंडानंतर, १ ऑक्टोबर १९१६ ला, लंडनच्या संसदेच्या कायद्याने ती गेली. आपल्याकडे १९०६ मध्ये सरकारने प्रमाणवेळ आणली, तरी मुंबईने ३९ मिनिटे मागची आपली 'बॉम्बे टाइम' कित्येक वर्षे सोडली नाही. भांडण होते ते घड्याळ कोणाचे यावर. त्या घड्याळाप्रमाणेही लोक वेळ पाळतच होते. माझा उशीर मात्र समोरच्याची दहा मिनिटे खातो, त्याला इतिहासाची सबब कशी चालेल? असो. उद्या लवकर निघावे म्हणतो.