बांधावर आलेले विद्यापीठ

वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ 1981 पासून मराठी घरांत वाचले जात आहे. त्यामुळे अमेरिकेच्या अलाबामा राज्यातले टस्कीगी हे गाव आपल्याला परके वाटत नाही. कापसाने निःसत्त्व केलेल्या जमिनी, गुलामीतून सुटून वाट्याने शेती करणारी काळी कुटुंबे आणि त्यांना चवळी, भुईमूग, रताळी लावायला सांगत फिरणारा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्या चांगलाच ओळखीचा आहे. आपण त्या माणसाला मनात जपले. त्याने आखलेल्या एका गाडीकडे मात्र तितकेसे लक्ष गेले नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत आज विस्तार शिक्षणाचे स्वतंत्र संचालनालय असते. जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत, शिवारफेऱ्या निघतात, शेतकऱ्याच्या वावरात पीक प्रात्यक्षिके घेतली जातात. या सगळ्याची कुळकथा सांगायची तर ती गाडी मध्ये येतेच.

टस्कीगीचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1892 पासून दरवर्षी शेतकऱ्यांची परिषद भरवायला सुरुवात केली. कार्व्हर 1896 मध्ये तिथे आला आणि सोप्या भाषेतल्या पुस्तिका लिहू लागला. अडचण अशी होती की परिषदेला येण्याइतकी मोकळीक ज्यांना होती तेच येत, आणि पुस्तिका ज्यांना वाचता येत तेच वाचत. ज्याला सर्वांत जास्त गरज होती तो वाटेकरी सावकाराच्या हिशेबात अडकलेला असे, त्याला गाव सोडणे शक्य नसे. म्हणून 1906 मध्ये कार्व्हरने एक गाडी आखली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसा दिला, टस्कीगीच्या विद्यार्थ्यांनी गाडी बांधली आणि देणगीदाराच्या नावावरून तिला ‘जेसप वॅगन’ म्हणू लागले. तिच्यात नांगर होता, कोळपी होती, लोणी काढायची घुसळणी होती, दुधातून साय वेगळी करायचे यंत्र होते, मातीचे आणि बियाण्याचे नमुने होते. खेचरे जोडून ती शेतापर्यंत न्यायची आणि तिथेच काम करून दाखवायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थॉमस मन्रो कॅम्बेल या टस्कीगीच्याच विद्यार्थ्याची गाडीवर नेमणूक झाली. सरकारने पगार देऊन नेमलेला तो पहिला काळा शेतकी मार्गदर्शक होय.

नेमणूक करणारा माणूस होता सीमन नॅप. मराठीत त्याचे नाव कोणी घेत नाही. माझ्या मते या कुळकथेचा मूळपुरुष तोच आहे. विद्यापीठाने आपल्या भिंतींबाहेर जाऊन शिकवावे हा विचार अर्थातच त्याच्याही आधीचा. केंब्रिजच्या जेम्स स्टुअर्टने 1867 मध्ये उत्तर इंग्लंडच्या शहरांत स्त्रियांसाठी व्याख्याने दिली, पुढे कामगारांनाही शिकवले, आणि 1873 मध्ये केंब्रिजने हे काम रीतसर आपले मानले. आयर्लंडमध्ये बटाट्याच्या दुष्काळात, 1847 मध्ये, गावोगाव फिरून शेती शिकवणारे शिक्षक नेमले गेले होते. अमेरिकेत जस्टिन मॉरिल यांच्या विधेयकावर लिंकन यांनी 1862 मध्ये सही केली. संसदेतल्या प्रत्येक प्रतिनिधीमागे 30,000 एकर या हिशेबाने राज्यांना जमीन मिळाली आणि तिच्या पैशातून शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये उभी राहिली. ती जमीन, 1 कोटी एकरांहून अधिक, तिथल्या मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती. त्या महाविद्यालयांचे गुण गाताना ही गोष्ट वगळता येत नाही. 1887 मध्ये हॅच यांच्या कायद्याने त्यांना संशोधन केंद्रे जोडून दिली.

म्हणजे ज्ञान तयार होत होते. ते शेतात मात्र पोहोचत नव्हते, आणि पोहोचले तरी शेतकऱ्याचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

नॅप आयोवामधल्या एम्स इथल्या शेतकी महाविद्यालयात प्राध्यापक होता, काही काळ अध्यक्षही. (पुढे कार्व्हर शिकला तेही एम्सलाच.) नंतर तो दक्षिणेत लुईझियानात गेला, भातशेतीत रमला. याच काळात मेक्सिकोतून टेक्सासमध्ये एक सोंडकिडा शिरला. कापसाच्या पात्यांत आणि बोंडांत तो अंडी घाली आणि उभे पीक गळून पडे. आपली गुलाबी बोंडअळी वेगळी, ती पतंगाची अळी आहे. पण बोंड आतून पोखरलेले पाहून शेतकऱ्याच्या पोटात पडणारा खड्डा तोच. सावकार हात आखडता घेऊ लागले, कुळे जमिनी सोडून निघाली.

सरकारने नमुना-शेते काढून पाहिली होती. शेतकरी येत, पाहत आणि मान हलवून परत जात. सरकारी जमीन, सरकारी खत, सरकारी मजूर. बुडाले तरी सरकारचेच बुडणार, मग त्यातून आपण काय घ्यायचे? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, व्यवहाराचा होता. नॅपचे मोठेपण असे की त्याने तो प्रश्न शेतकऱ्याच्या बाजूने ऐकला. 1903 मध्ये टेक्सासमधल्या टेरेल या गावी, सत्तरीला टेकलेला असताना, त्याने रीतच उलटी केली. जमीन शेतकऱ्याची, जनावरे-अवजारे शेतकऱ्याची, राबणूक शेतकऱ्याची. सरकार फक्त सांगणार. तोटा झाला तर भरून देण्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि नागरिकांनी मिळून निधी ठेवला. वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा या प्रयोगाला दिला. लवकर पेरणी, लवकर येणारे वाण, वारंवार कोळपणी, वेचणी होताच पऱ्हाट्या उपटून नष्ट करणे: सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. हंगामाअखेर निधीला हात लावायची वेळ आली नाही, उलट पोर्टरला नेहमीपेक्षा सुमारे 700 डॉलर जास्त मिळाले.

फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका, हा विदर्भातल्या कापूस उत्पादकाला दर हिवाळ्यात मिळणारा सल्ला आणि टेरेलचा सल्ला एकाच तत्त्वावर उभे आहेत: किडीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळू द्यायचा नाही. नॅपचे म्हणणे थोडक्यात असे होते की ऐकलेल्यावर माणूस शंका घेतो, पाहिलेल्यावरही घेऊ शकतो, पण स्वतःच्या हाताने केलेल्यावर घेऊ शकत नाही. पीक प्रात्यक्षिक आज आपल्याकडेही शेतकऱ्याच्याच वावरात घेतात, त्याचे मूळ हे.

टेरेलनंतर अमेरिकी संसदेने बोंडकिड्याशी झुंजण्यासाठी पैसा मंजूर केला आणि नॅपच्या हाताखाली माणसे नेमली जाऊ लागली. नोव्हेंबर 1906 मध्ये टेक्सासच्या स्मिथ काउंटीने स्वतःसाठी एक पूर्णवेळ मार्गदर्शक ठेवला. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग. हा माणूस तिथेच राहणारा, लोकांना नावाने ओळखणारा आणि सल्ला फसला तर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर भेटणारा होता. फिरत्या व्याख्यात्यापेक्षा त्याचे वजन वेगळे होते.

आता शेतकऱ्याच्या कुटुंबाकडे येतो, कारण या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तोच आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली हे वनस्पतिशास्त्रज्ञ शेतकऱ्यांसाठी वाचनपाठ काढत होते. शेतकऱ्यांच्या बायकांसाठीही काही करावे म्हणून त्यांनी 1900 मध्ये मार्था व्हॅन रेन्सेलर या शिक्षिकेला बोलावले. तिने पहिली पुस्तिका काढली ती पाककृतींची नव्हती. घरकामातली पायपीट कशी वाचवावी हा तिचा विषय होता. विहीर कुठे, चूल कुठे, कोठी कुठे, आणि या तिन्हींच्या मध्ये एक बाई दिवसभरात किती चालते! बायकांची पत्रे येऊ लागली, त्यांतले प्रश्न पुढच्या पुस्तिकांचे विषय झाले. याच धाग्यातून पुढे कॉर्नेलमध्ये गृहविज्ञानाचे महाविद्यालय उभे राहिले. म्हणजे विद्यापीठ बाहेर गेले आणि बाहेरच्या प्रश्नांनी विद्यापीठात एक नवी शाखा निर्माण केली. ही परतीची वाट हाच विस्तारकार्याचा प्राण आहे असे मला ठामपणे वाटते.

दक्षिण कॅरोलिनातल्या एकेन काउंटीत मारी क्रोमर या शिक्षिकेने 1910 मध्ये मुलींचे टोमॅटो मंडळ काढले. प्रत्येकीला एक दशांश एकर, म्हणजे आपल्या हिशेबात चार गुंठे. मुलींनी लावायचे, खुरपायचे, तोडायचे, डबाबंद करायचे आणि विकून आलेला पैसा स्वतःकडे ठेवायचा. मुलांची मक्याची मंडळे याआधीच निघाली होती. त्याच राज्यातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने 1910 मध्येच एका एकरात 228 बुशेल मका काढून दाखवला. बाप ज्या सल्ल्याला हसत होते तो पोरांनी करून दाखवला, तेव्हा बापही वळले. या मंडळांतून पुढे ‘फोर-एच’ ही ग्रामीण मुलामुलींची देशव्यापी चळवळ झाली.

8 मे 1914 रोजी अध्यक्ष विल्सन यांनी स्मिथ-लिव्हर कायद्यावर सही केली. शेती आणि गृहशास्त्र हे दोन्ही विषय त्यात एकाच वाक्यात, शेजारी शेजारी बसवलेले आहेत. केंद्र, राज्य आणि काउंटी यांनी मिळून खर्च करायचा, मार्गदर्शक मात्र महाविद्यालयाचा असणार. नॅप 1911 मध्ये वारला होता, त्याला हे पाहता आले नाही. कायद्यात एक मोठा अन्यायही होता. राज्यात काळ्यांचे आणि गोऱ्यांचे अशी दोन महाविद्यालये असतील तर पैसा कोणाला द्यायचा हे राज्याच्या विधिमंडळावर सोडले होते, आणि दक्षिणेतल्या राज्यांनी तो गोऱ्यांच्या महाविद्यालयांच्या हाती ठेवला. काळे मार्गदर्शक नेमले गेले, पण थोडे, कमी पगारावर आणि दुसऱ्याच्या हुकमाखाली. कॅम्बेल यांनी याच चौकटीत आयुष्य काढले. 1923 मध्ये अलाबामाच्या हजारो काळ्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून नवी मोटारगाडी घेतली. तिच्यावर शेतकी मार्गदर्शकाबरोबर गृहशास्त्राची कार्यकर्ती आणि परिचारिकाही असे. सरकारने हात आखडला तिथे ज्यांच्यासाठी ही फिरती शाळा होती त्यांनीच तिची चाके विकत घेतली.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच परंपरेत शिकले, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या शेतकी महाविद्यालयांत शिकला. हिंदुस्थानचा दरवाजा इंग्रजांनी बंद ठेवलेला, म्हणून 1924 मध्ये मेक्सिकोला गेला, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागला, मक्याच्या वाणांवर काम केले आणि तिथल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवरील चित्रात त्यांना रंगवले आहे. 1967 मध्ये खानखोजे वारले. आंदोलने होऊन अखेर त्यांच्या विदर्भाला अकोल्याचे कृषी विद्यापीठ मिळाले ते 1969 मध्ये.

भारतात ही कल्पना दोन वाटांनी आली आणि त्या दोन वाटा एकमेकींना नीट भेटल्याच नाहीत. पहिली वाट उत्तर प्रदेशातल्या इटावाची. 1948 मध्ये अल्बर्ट मेयर यांच्या पथदर्शी प्रकल्पात होरेस होम्स हे अमेरिकी विस्तारकार्यकर्ते गावात काम करत होते. त्या अनुभवावर 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. ग्रामसेवक आले, पण राज्य सरकारचे नोकर म्हणून. दुसरी वाट विद्यापीठांची. 1960 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने पंतनगर, मग 1968 मध्ये राहुरी, 1969 मध्ये अकोला, 1972 मध्ये परभणी आणि दापोली. संशोधन विद्यापीठाकडे राहिले, बांधावरचा माणूस कृषी खात्याकडे. अमेरिकेत मार्गदर्शक महाविद्यालयाचा असल्यामुळे शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्याबरोबर प्रयोगशाळेपर्यंत जाई. आपल्याकडे बांधावरच्या माणसाच्या वहीतला प्रश्न खात्याच्या पायऱ्या चढता चढता बहुधा थकतो. त्याच माणसाच्या माथी पंचनामे, अनुदानाचे अर्ज आणि याद्या येतात, शिकवायला उसंत उरत नाही. हा त्या माणसाचा दोष नाही, रचनेचा आहे.

ही फट बुजवण्यासाठी मोहनसिंह मेहता समितीने 1973 मध्ये सुचवल्याप्रमाणे कृषी विज्ञान केंद्रे निघाली. पहिले 1974 मध्ये पुदुच्चेरीला, कोइमतूरच्या विद्यापीठाच्या आधाराने. आज देशात सातशेहून अधिक आहेत. बारामती आणि बाभळेश्वर इथली केंद्रे संस्थांनी चालवलेली आहेत आणि शेतकरी तिथे आपणहून जातात. केंद्रात गृहविज्ञानाचे तज्ज्ञही असतात. पण इथे माझी तक्रार आहे. मराठी मुलखात निंदणी, खुरपणी, वेचणी, लावणी बाईच्या हातची, कोंबड्या-शेळ्या तिच्या, बियाणे राखेत घालून जपणारीही तीच. तरी ‘शेतकरी मेळावा’ म्हटला की समोरच्या खुर्च्यांवर पुरुष बसतात आणि बाईसाठी पापड-लोणच्याचे वेगळे प्रशिक्षण ठेवले जाते. मार्था व्हॅन रेन्सेलरने घरातली पायपीट मोजली ती बाईचे काम काम म्हणून मोजावे यासाठी. आपण तिची शाखा घेतली, तिचा प्रश्न घेतला नाही.

तुमच्या जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र असेल. राहुरीची कृषिदर्शनी घरात असेल तर त्यात विद्यापीठाचा पत्ताही असेल. केवळ बियाणे आणायला जाऊ नका. आपल्या वावरातला न सुटलेला प्रश्न घेऊन जा, प्रात्यक्षिकासाठी आपले चार गुंठे देऊ करा आणि पुढच्या शिवारफेरीला घरातल्या बाईला बरोबर न्या. प्रश्न तिलाच विचारू द्या.