लीला राव-दयाल : हौशी टेनिसच्या युगातील एक विस्मृत चरित्र

प्रास्ताविक

जानेवारी १९९८ मध्ये मेलबर्न येथील ऑस्ट्रेलियन खुल्या टेनिस स्पर्धेत निरुपमा वैद्यनाथन यांनी इटलीच्या ग्लोरिया पिझ्झिकिनी यांना पहिल्या फेरीत पराभूत केले. ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या मुख्य फेरीत महिला एकेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या 'खुल्या युगातील' पहिल्या भारतीय ठरल्या. या विधानातील 'खुल्या युगातील' हे दोन शब्द अत्यंत महत्त्वाचे आहेत. परंतु लेखनात आणि बोलण्यात तेच बहुधा गळून पडतात. निरुपमांच्या ६४ वर्षे आधी, १९३४ साली, मुंबईच्या लीला राव यांनी विम्बल्डनच्या हिरवळीवर महिला एकेरीत ग्लॅडिस साऊथवेल या प्रतिस्पर्धी खेळाडूस पहिल्या फेरीत हरविले होते. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय महिला होय. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा ॲडमॉफ यांच्याकडून तिचा पराभव झाला.

प्रस्तुत लेखाचा हेतू एका पहिलेपणाच्या जागी दुसरे पहिलेपण बसविणे हा नाही. निरुपमांचे यश व्यावसायिक टेनिसच्या कठोर स्पर्धेतील आहे आणि त्याचे मोल कमी होत नाही. प्रश्न वेगळा आहे. १९६८ ही एक सीमारेषा मानून तिच्या अलीकडचे ते 'खरे' टेनिस आणि पलीकडचे ते सुखवस्तूंचे मनोरंजन, अशी जी विभागणी क्रीडालेखनाने केली, तीमुळे एक संपूर्ण चरित्र दृष्टिआड झाले. ते चरित्र मराठी विद्याव्यासंगाच्या एका मोठ्या घराण्याशी जोडलेले आहे, म्हणून मराठी अभ्यासकास त्याचे सोयरसुतक अधिक असावयास हवे.

घराणे आणि संस्कार

लीला राव यांचा जन्म १९११ सालचा. वडील डॉ. राघवेंद्र राव हे मुंबईतील नामवंत वैद्यक. आई पंडिता क्षमा राव (१८९०–१९५४) या विसाव्या शतकातील संस्कृत साहित्यात ठळकपणे उठून दिसणाऱ्या लेखिका. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित (१८४०–१८९४) हे मूळचे सावंतवाडी परिसरातील बांबुळीचे. 'वेदार्थयत्न' हे त्यांचे कार्य, तसेच कालिदासाच्या ग्रंथांची व सायणभाष्यासह अथर्ववेदाची त्यांनी केलेली संपादने प्राच्यविद्येच्या अभ्यासकांना परिचित आहेत. मराठी वाचकास ते आणखी एका कारणाने जवळचे वाटावेत. विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेली तुकारामांच्या अभंगांची गाथा १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढील सर्व गाथासंशोधनाला ती आधारभूत ठरली. पुढे ते पोरबंदर संस्थानचे प्रशासक झाले; स्वामी विवेकानंदांनी त्यांच्याकडे तेथे मुक्काम केला होता.

वडिलांचे निधन झाले तेव्हा क्षमाबाई जेमतेम चार वर्षांच्या होत्या. पितृछत्र हरपलेल्या या मुलीने पुढे 'शंकरजीवनाख्यानम्' (१९३९) हे पित्याचे चरित्र संस्कृतात लिहिले. तुकाराम, रामदास व ज्ञानेश्वर यांच्यावरही संस्कृत चरित्रकाव्ये रचिली. याच क्षमाबाई टेनिसही उत्तम खेळत. मुंबईतील स्पर्धांमध्ये त्यांनी यश मिळविले होते आणि लेक वयात आल्यावर मायलेकी दुहेरीत एकत्र उतरत. संस्कृत पंडिता म्हटल्यावर जे चित्र आपल्या मनात उभे राहते, त्यात हातात रॅकेट असलेली स्त्री बसत नाही. दोष चित्राचा आहे, क्षमाबाईंचा नव्हे.

हौशी टेनिसची व्यवस्था

लीला राव यांची कारकीर्द समजून घेण्यासाठी त्या काळची टेनिसची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९६८ पूर्वी विम्बल्डनसह सर्व प्रमुख स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. विजेत्यास चषक मिळे, बक्षिसाची रक्कम नाही. पैसे घेऊन खेळणारा खेळाडू या स्पर्धांना कायमचा मुकत असे. फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन यांनी १९२६ मध्ये व्यावसायिक दौरा स्वीकारला आणि त्यांना विम्बल्डनचे दार बंद झाले. १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षे विम्बल्डन जिंकणाऱ्या फ्रेड पेरी यांच्याही बाबतीत तेच घडले.

हौशीपणाच्या या नियमाला नैतिक शुचितेचा मुलामा होता. व्यवहारात मात्र तो वर्गनियम होता. मुंबईहून युरोपला जाणारा बोटीचा प्रवास सुमारे दोन आठवड्यांचा; त्यानंतर तेथील वास्तव्य, सरावाची सोय, हिरवळीच्या कोर्टाची सवय. ज्याच्या घरी हे परवडेल त्यानेच खेळावे, असा त्याचा अर्थ होई. मुंबईचे जिमखानेही समाजवार विभागलेले होते : पारशी, हिंदू, इस्लाम. कोर्टापर्यंत पोहोचण्यासाठी आधी समाजातील स्थान आणि मग घरातील मोकळीक, असे दोन उंबरठे ओलांडावे लागत. स्त्रीच्या बाबतीत दुसरा उंबरठा पहिल्याहून उंच. लीला राव यांच्या घरी तो आईनेच ओलांडलेला होता.

आमच्या पेण-रोहा पट्ट्यात खेळ म्हटला की कबड्डी आठवते. मैदानाला मोकळी जागा पुरते आणि साहित्याचा खर्च जवळजवळ नाही. अशा भागातील विद्यार्थ्याला टेनिस आजही परके वाटते, तर १९३० च्या दशकात त्याची सामाजिक व्याप्ती किती आकुंचित होती याची कल्पना यावी. लीला राव यांच्या यशाचे मोजमाप करताना ही मर्यादा लपवू नये. भारतीय स्त्रियांच्या प्रातिनिधिक म्हणून त्या विम्बल्डनला गेल्या नव्हत्या. एका अपवादात्मक घरातून गेल्या होत्या.

सत्याग्रहगीता आणि विम्बल्डन

येथे एक विसंगती लक्ष वेधून घेते. १९३० च्या सविनय कायदेभंगाने मुंबई इलाखा ढवळून निघाला होता. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातही त्याचे पडसाद उमटले. मिठावरील कराचा प्रश्न पेण, उरण, पनवेलच्या खाडीकाठच्या मिठागरांना परका नव्हता आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. याच आंदोलनावर क्षमाबाईंनी 'सत्याग्रहगीता' हे अठरा अध्यायांचे अनुष्टुभ् छंदातील काव्य लिहिले. गांधीजींना नायकस्थानी ठेवणारा हा ग्रंथ १९३२ मध्ये पॅरिस येथे प्रकाशित झाला. आणि दोनच वर्षांनी त्यांची कन्या साम्राज्याच्या राजधानीत, त्या साम्राज्याने जगभर नेलेला खेळ, यजमानांच्या भूमीवर खेळून सामना जिंकत होती.

हा विरोधाभास म्हणावा काय? प्रस्तुत लेखकाच्या मते पूर्णतः नाही. डेव्हिस चषकात भारताचा संघ १९२१ पासून खेळत होता. देश परतंत्र असतानाही 'भारत' या नावाने उतरण्याची ती एक जागा होती. १९३९ मध्ये घौस मोहम्मद विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले, तेव्हाही हेच घडले. मात्र या खेळाला राष्ट्रीय प्रतिकाराचे कृत्य म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चिरनेरच्या आंदोलकांचे जग आणि जिमखान्याचे जग वेगळे होते. एकाच घरात दोन्ही जगांची जाणीव नांदत होती, एवढेच म्हणता येते. आणि तेही पुरेसे उद्बोधक आहे.

देशांतर्गत कारकीर्द

१९३५ मध्ये लीला राव पुन्हा विम्बल्डनला उतरल्या, पण पहिल्याच फेरीत पराभूत झाल्या. त्यांचे खरे वर्चस्व देशात दिसते. अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धेत १९३१ ते १९४३ या काळात त्यांनी महिला एकेरीचे विजेतेपद सात वेळा पटकावले. बारा-तेरा वर्षे अग्रस्थानी राहणे ही केवळ सुखवस्तू घरातील मुलीची हौस नव्हे. त्यामागे शिस्त, सराव आणि स्पर्धेची भूक असावी लागते. 'हौशी' हा शब्द येथे तोकडा पडतो.

काळाने त्यांना साथ दिली नाही, हेही खरे. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० ते १९४५ या काळात विम्बल्डन स्पर्धा झालीच नाही. ही वर्षे लीलाबाईंच्या वयाच्या अठ्ठाविसाव्या ते चौतिसाव्या वर्षांची. स्पर्धा पुन्हा सुरू झाली तोवर त्यांच्या आयुष्याने दुसरे वळण घेतले होते.

त्यानंतर भारतीय महिला टेनिसमध्ये दीर्घ पोकळी दिसते. रीता दावर १९५२ मध्ये विम्बल्डनच्या मुलींच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, परंतु प्रौढ गटात त्या यशाची परंपरा निर्माण झाली नाही. पुरुषांमध्ये रामनाथन कृष्णन यांच्यापासून एक सलग धागा सांगता येतो. स्त्रियांमध्ये तो तुटतो आणि निरुपमांपाशी पुन्हा हाती लागतो. सानिया मिर्झा यांनी २००५ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेची चौथी फेरी गाठली, २००७ मध्ये एकेरीच्या जागतिक क्रमवारीत २७ वे स्थान मिळविले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई येथे निवृत्ती घेतली. सानियांच्या निवृत्तीला तारीख आहे, कारण त्यांच्या खेळाला पेशा म्हणून मान्यता होती. लीला रावांच्या खेळाला तशी मान्यताच नसल्याने त्यांची निवृत्ती कोठेही 'घडली' नाही. त्या फक्त दिसेनाशा झाल्या.

तीन नावे, तीन दप्तरे

१९४३ मध्ये त्यांचा विवाह भारतीय सनदी सेवेतील हरीश्वर दयाल यांच्याशी झाला. हरीश्वर दयाल पुढे सिक्कीममध्ये भारताचे राजकीय अधिकारी होते. डिसेंबर १९५० च्या भारत-सिक्कीम करारावर भारताच्या वतीने त्यांचीच स्वाक्षरी आहे. नंतर ते नेपाळमध्ये राजदूत झाले. लीलाबाई त्यांच्यासमवेत हिमालयाच्या छायेत राहिल्या आणि लेखणीकडे वळल्या. भारतीय नृत्याच्या मूलतत्त्वांवर 'नृत्तमंजरी' हा ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. आईच्या संस्कृत कथा व चरित्रकाव्यांना त्यांनी नाट्यरूप दिले. 'गिरिजायाः प्रतिज्ञा', 'बालविधवा', 'होलिकोत्सवः' ही त्यांपैकी काही नाटके. विधवांची होरपळ, ग्रामीण स्त्रीचे दैन्य असे विषय संस्कृत रंगभूमीवर आणण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

परिणामी त्यांची नोंद तीन वेगवेगळ्या दप्तरांत विखुरली. टेनिसच्या निकालपत्रकांत त्या 'मिस एल. राव', आधुनिक संस्कृत नाटकाच्या इतिहासात 'लीला राव-दयाल' आणि राजनैतिक वर्तुळात 'मिसेस दयाल'. संस्कृतचा अभ्यासक विम्बल्डनचे निकाल पाहत नाही आणि क्रीडालेखक संस्कृत नाट्यसूची चाळत नाही. रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांच्या बाबतीतही असेच काहीसे झाले आहे : रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि अर्थमंत्री सर्वांना ठाऊक, मेघदूताचा मराठी अनुवाद करणारे आणि स्वतः संस्कृत काव्य रचणारे देशमुख थोड्यांनाच. फरक इतकाच, की देशमुखांचे निदान एक नाव तरी सर्वत्र तेच राहिले. स्त्रीचे नाव विवाहाने बदलते आणि सूचीतील दुवा तेथेच निखळतो.

हरीश्वर दयाल यांचे १९६४ मध्ये नेपाळात, एव्हरेस्टच्या पायथ्याकडील प्रवासात निधन झाले. त्याआधी दोन वर्षे, १९६२ मध्ये, क्षमाबाईंच्या सत्याग्रहकाव्यातील अखेरचा भाग 'स्वराज्यविजयः' त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी प्रसिद्ध झाला होता.