मावशीचा ऑक्टोपस आणि ‘हजारो वर्षांची परंपरा’

पेट पास झालेले बरेच जण मला एकच गोष्ट विचारतात. विषय सापडलाय, वाचनही सुरू आहे, पण सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिलंच वाक्य अडतं. मग हात आपोआप लिहून जातो: ‘प्राचीन काळापासून…’. माझ्या पहिल्या मसुद्यातही असंच वाक्य होतं. गाईडनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून फक्त एवढंच लिहिलं होतं: ‘कशावरून?’

या एका शब्दाचं वजन मला ग्रंथालयात नाही, घरात कळलं. म्हणून आज पुस्तकांऐवजी लोकरीच्या, खरं तर सुती दोऱ्याच्या, एका ऑक्टोपसची गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीचं बाळ एकतिसाव्या आठवड्यात जन्माला आलं. बाळ काचेच्या पेटीत, ताई बाहेर बाकावर, आणि मावशीला काहीतरी करायचंच होतं. तिने क्रोशाची सुई काढली आणि दोन रात्रींत एक केशरी ऑक्टोपस विणला. त्यामागे व्हॉट्सॲपवर आलेला एक निरोप होता. त्याचा सारांश असा: क्रोशे ही हजारो वर्षांची कला आहे, मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला असा ऑक्टोपस देण्याची डेन्मार्कमध्ये जुनी परंपरा आहे, त्याचे पाय बाळाला नाळेसारखे वाटतात आणि त्याने बाळ लवकर सुधारतं हे शास्त्राने सिद्ध झालंय.

ताईने तो निरोप मला पाठवला आणि खाली लिहिलं, “तू इतिहासात पीएचडी करतेस ना? खरं आहे का ते सांग.”

आता बघा, परीक्षकाला ‘यावर अधिक संशोधनाची गरज आहे’ असं सांगता येतं. बाकावर बसलेल्या बहिणीला नाही.

आधी वस्तू नीट बघा

मी पहिल्यांदा शोधायला नाही, बघायला बसले. मावशीने सहा टाक्यांचं एक वेटोळं केलं होतं. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, चोवीस, तीस. प्रत्येक फेरीला सहा टाके वाढत गेले की सपाट चकती तयार होते. वाढवणं थांबवलं की कडा खाली वळतात आणि वाटी होते. मग टाके कमी करत जायचं, आत कापूस भरायचा आणि तोंड बंद करायचं. झालं डोकं. पायांसाठी लांब साखळी घालायची आणि परत येताना तिच्या प्रत्येक घरात दोन-दोन टाके घालायचे. जागा कमी आणि टाके जास्त, त्यामुळे पाय आपोआप पिळवटतो. अशा आठ पिळांचा एक ऑक्टोपस.

हे सगळं सांगायचं कारण असं की निरोपात ‘एक’ गोष्ट होती, पण वस्तूत अनेक. टाका वेगळा, खेळण्याचा आकार वेगळा, बाळाला देण्याची रीत वेगळी आणि त्यामागचा वैद्यकीय दावा वेगळा. प्रत्येकाचं वय वेगळं असू शकतं. ‘हे किती जुनं आहे?’ असं विचारण्याआधी ‘हे’ म्हणजे नेमकं काय, ते ठरवावं लागतं. तुमच्या विषयालाही हेच लागू आहे.

टाक्याचं वय

क्रोशे म्हणजे फ्रेंचमध्ये छोटा आकडा. आजच्या अर्थाने हा शब्द वापरून छापलेल्या, आतापर्यंत माहीत असलेल्या सर्वांत जुन्या सूचना ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात 1823 साली आल्या. त्यासोबतच्या रंगीत पानावर पाच बटवे आहेत, त्यांतले तीन रेशमी दोऱ्याने क्रोशाने करायचे होते. लिस पालुदान या डॅनिश अभ्यासक बाईंनी क्रोशाच्या इतिहासावर मोठं पुस्तक लिहिलं. अरबस्तान, दक्षिण अमेरिका, चीन असे उगमाचे सगळे दावे त्यांनी तपासले आणि युरोपात 1800 च्या आधी ही कला होती असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही.

हजारो वर्षं कुठे आणि दोनशे वर्षं कुठे!

इथे तुम्ही म्हणाल, कापड कुजतं. गरिबांच्या हातची कामं कोण जपून ठेवतो? पुरावा नाही म्हणजे वस्तू नव्हती, असं थोडंच आहे? अगदी रास्त शंका. पण ती तशीच सोडायची नाही, तिलाही तपासायचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इजिप्तमधल्या उत्खननात सापडलेले लोकरी मोजे आहेत, इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचे. वरवर पाहिलं तर ते दोन सुयांवर विणलेले वाटतात. पण ते नालबिंडिंग नावाच्या वेगळ्याच पद्धतीचे आहेत. त्यात नेढ्याच्या एकाच सुईने दोऱ्याचं टोक प्रत्येक फासातून पूर्ण ओढून घेतात. म्हणजे साध्या माणसाच्या पायातला मोजा दीड हजार वर्षं टिकू शकतो. मोजे टिकले, विणकामाचे तुकडे टिकले, पण क्रोशाचा निर्विवाद म्हणता येईल असा तेवढा जुना नमुना नाही. म्हणून ‘सगळं कुजलं असेल’ हे उत्तर पुरेसं होत नाही.

मग ही कला आभाळातून पडली का? तेही नाही. एक मत असं आहे की ती आकड्याच्या सुईने ताणलेल्या कापडावर करायच्या साखळी टाक्यातून आली. आपल्याकडे ब्लाउजवर आरीकाम करतात ना, त्याच घराण्यातलं हे काम. पूर्वेकडून आलेली ही भरतकामाची रीत अठराव्या शतकात युरोपात लोकप्रिय झाली. पुढे कोणीतरी खालचं कापडच काढून टाकलं आणि साखळीतच साखळी अडकवत गेलं, अशी ही मांडणी. पटण्यासारखी आहे. पण पटण्यासारखं असणं आणि दाखवून देता येणं यात फरक आहे. हे वाक्य तुमच्या टेबलासमोर चिकटवून ठेवा.

एका साधनाच्या तीन तारखा

पद्धतीचा सगळ्यात चांगला धडा मला एलिझाबेथ ग्रँट या स्कॉटिश बाईने दिला. आकड्याने दोरा गुंफून केलेल्या कपड्यांचा ‘मेंढपाळी विणकाम’ असा उल्लेख तिच्या आठवणींत येतो, आणि प्रसंग 1812 चा आहे. इंग्रजीतला हा सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. मी आनंदाने वहीत ‘1812’ लिहून टाकलं.

मग पुढचं वाचलं. बाईंचा जन्म 1797 चा. आठवणी लिहायला घेतल्या 1845 च्या सुमारास. त्या वारल्या 1885 मध्ये, आणि भाचीने संपादित केलेलं पुस्तक बाहेर आलं 1898 साली. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीने पाहिलेली गोष्ट तीसहून अधिक वर्षांनी लिहिली गेली आणि छापली गेली त्याच्याही पन्नास वर्षांनंतर. मधल्या काळात क्रोशे घरोघर पोचलं होतं. तिला आठवला तो 1812 चा कपडा होता, की नंतर पाहिलेल्या कामाची सावली त्या आठवणीवर पडली होती?

याचा अर्थ साधन फेकून द्यायचं असा नाही. घटनेची तारीख, लिहिण्याची तारीख आणि छापण्याची तारीख असे तीन रकाने करायचे आणि तिन्ही भरायचे. बखरी वाचणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको, पण आत्मचरित्रं आणि मुलाखती वापरताना आपण हमखास विसरतो.

‘फावल्या वेळचं काम’

मावशीला घरातले सगळे म्हणतात, “बसल्या बसल्या काहीतरी करत असते.” या शब्दांनाही इतिहास आहे. 1840 च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं आणि भीषण दुष्काळ पडला, तेव्हा जोगिणींच्या मठांनी आणि जमीनदार घरांतल्या बायकांनी गरीब मुलींना क्रोशाची लेस शिकवली. त्या लेसवर कितीतरी कुटुंबांची चूल पेटली. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूर भागात मिशनऱ्यांमुळे क्रोशाची लेस रुजली आणि पुढे परदेशी बाजारात जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1982 मध्ये त्या बायकांवर पुस्तक लिहिलं. तासन्‌तास लेस विणणाऱ्या या बायका ‘गृहिणी’च ठरत होत्या आणि त्यांचं काम ‘फावल्या वेळचं’, त्यामुळे मजुरी अगदी कमी ठेवता येत होती, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

साधनांमध्ये ‘फावला वेळ’, ‘छंद’, ‘हातभार’ असे शब्द दिसले की थांबा. हे कोण म्हणतंय आणि असं म्हटल्याने कोणाचे पैसे वाचतात, ते बघा.

ऑक्टोपसचं वय

खेळण्याचा आकार तर आणखी तरुण. गोल फेऱ्यांत विणून आत कापूस भरलेल्या अशा छोट्या प्राण्यांना जपानीत ‘अमिगुरुमी’ म्हणतात. विणकाम आणि भरलेली बाहुली या दोन शब्दांचा हा जोड. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंटरनेटवरून हे नमुने जगभर गेले.

आणि डेन्मार्कची ‘जुनी परंपरा’? ती 2013 ची! तिथल्या स्वयंसेवकांनी मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी ऑक्टोपस विणून द्यायला सुरुवात केली. त्यांचे नियमही काटेकोर: दोरा शंभर टक्के सुती, 60 अंशांवर धुता येईल असा, आणि पाय ताणल्यावर 22 सेंटीमीटरपेक्षा लांब नको, म्हणजे बाळाभोवती गुंडाळला जाणार नाही. 2017 मध्ये इंग्लंडमधल्या पूल इथल्या रुग्णालयाने हे ऑक्टोपस आणल्याची बातमी आली आणि पुढे ही गोष्ट वेगाने पसरली. चार वर्षांत नवी कल्पना, आणि आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर येईपर्यंत ‘जुनी परंपरा’.

सिद्ध झालंय का?

ताईला खरं तर एवढंच हवं होतं. मी डॉक्टर नाही, पण दाव्याचे तुकडे करता येत होते. बाळ हातात आलेलं घट्ट धरतं, हे खरं. ती जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पाय धरल्याने नळ्या ओढणं कमी होतं, हे सुरुवातीला नर्सेस आणि पालकांचं निरीक्षण होतं. त्यावर पुढे काही छोटे अभ्यास झाले. पाय नाळेसारखे ‘वाटतात’, हे स्पष्टीकरण आहे, पुरावा नव्हे. बाळ शांत झालं तरी ते नाळेच्या आठवणीनेच झालं, हे त्यातून ठरत नाही. आणि ‘लवकर सुधारतं’ ही तर त्याहून मोठी उडी.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडत होते, म्हणून एदगार रेय सानाब्रिया या डॉक्टरांनी बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. हीच कांगारू केअर. ऑक्टोपसइतकीच घरगुती, साधी कल्पना. पण तिची चाचणी होत गेली. 2021 मध्ये भारतासह पाच देशांतल्या 3,211 बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळ स्थिरावायची वाट न पाहता लगेच कांगारू केअर सुरू केलेल्या गटात 28 दिवसांच्या आतले मृत्यू 12 टक्के होते, आणि स्थिरावल्यावर सुरू केलेल्या गटात 15.7 टक्के. एकीकडे गोड गोष्ट, दुसरीकडे तुलना केलेला गट. ‘सिद्ध’ हा शब्द दुसऱ्या बाजूचा आहे.

मी ताईला लिहिलं: “कला दोनशे वर्षांची, रीत दहा-अकरा वर्षांची. सुधारण्याचा दावा मोठा आहे, पुरावा त्या मानाने थोडा. पेटीत काय ठेवायचं ते नर्सना विचार. आणि कांगारू केअर कधी सुरू करता येईल, तेही विचार.” नर्सनी ऑक्टोपसला नाही म्हटलं, संसर्गाच्या भीतीने. पण दुसऱ्या दिवशी बाळ ताईच्या छातीवर होतं.

मावशीला सांगताना मला जड गेलं. वाटलं, तिच्या दोन रात्री मी खोट्या ठरवतेय. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, मला कुठे हजारो वर्षं हवी होती? मला हाताला काम हवं होतं.” माझ्या सगळ्या नोंदींत हा प्रश्नच नव्हता: ही वस्तू करणाऱ्याला कशासाठी हवी होती? दाव्याचा इतिहास मी लिहिला, करणारीचा राहिला. आता मुलाखतीच्या प्रश्नावलीत तो पहिला असतो.

ऑक्टोपस सध्या दीड पायाने अधू आहे. बाळाला दात आलेत.

आता तुमचं काम. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सर्वांत आत्मविश्वासाचं वाक्य काढा. त्यात किती वेगवेगळे दावे लपलेत ते मोजा. प्रत्येकासमोर लिहा: दाखवता येतं, शक्य आहे, की नुसतं सांगितलं जातं. ‘नुसतं सांगितलं जातं’ असे दावे खोडू नका. ते कोण, कधीपासून आणि कशासाठी सांगतंय, हे शोधा. बऱ्याचदा खरा संशोधनप्रश्न तिथेच बसलेला असतो.