गो खेळणाऱ्या एआयला हौशी खेळाडूनं १५ पैकी १४ डावांत कसं हरवलं?

मार्च २०१६ मध्ये सोलला गूगल डीपमाइंडच्या ‘अल्फागो’नं ली सेडोल या दिग्गजाला ४-१ असं हरवलं. ‘गो’मध्ये आता माणसाचं काही खरं नाही, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये बातमी आली की केलिन पेलरीन या अमेरिकन हौशी खेळाडूनं ‘काटागो’ या तगड्या प्रोग्रामला १५ पैकी १४ डावांत हरवलंय. तेही खेळताना कॉम्प्युटरची मदत न घेता.

आधी खेळ समजून घेऊ. १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघांचा पट, त्या जिथं छेदतात अशा ३६१ जागा आणि काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. एकदा ठेवलेली सोंगटी हलवायची नाही. आपल्या वाघ-बकरीत बकऱ्या वाघाला कोंडतात, तसंच इथं कोंडायचं. श्वास घ्यायला एकही मोकळी जागा उरली नाही, की अख्खा गट पटावरून उचलला जातो.

सगळ्या शक्यता मोजणं कॉम्प्युटरलाही जमत नाही. म्हणून न्यूरल नेटवर्क लाखो डावांतून ‘इथं कोण जिंकतंय’ याचा अंदाज लावायला शिकतं आणि त्या अंदाजावर पुढच्या निवडक चाली तपासल्या जातात. गोम या अंदाजातच आहे.

पेलरीननं काय केलं? काटागोला आपला एक छोटा गट घेरू दिला. घेरताना काटागोच्या सोंगट्यांचं कडं तयार झालं. मग त्या कड्यालाच बाहेरून हळूहळू वेढा घातला, मधूनमधून पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात खेळून. नवशिक्यालाही धोका दिसला असता. काटागोला मात्र आपलं कडं सुरक्षितच वाटत राहिलं. अशी गोल रचना सरावात क्वचितच आलेली असावी, हे त्याचं एक संभाव्य कारण.

ही युक्ती सापडली ती काटागोविरुद्धच तयार केलेल्या दुसऱ्या प्रोग्रामकडून. पेलरीन स्वतः त्या अभ्यासगटात होता. गंमत म्हणजे काटागोला लोळवणारा हा प्रोग्राम साध्या हौशी खेळाडूंकडून सहज हरतो! म्हणजे तो गोमध्ये हुशार नाही, त्याला फक्त काटागोची दुखरी नस माहीत आहे.

मग ही फट बुजवता येत नाही का? काटागोला अशा पटस्थितींचा सराव देण्यात आला. २०२४ च्या अभ्यासात तीन बचाव तपासले, त्यातल्या एकात नेटवर्कची रचनाच बदलली होती. नव्यानं शिकवलेल्या हल्लेखोर प्रोग्रामांनी तिन्ही भेदले.