लंडनचं गाणं, फोर्टातला स्टुडिओ

भिवंडीत राहणाऱ्याचा कान दोन गोष्टींना सरावलेला असतो. एक मागांचा खडखडाट आणि दुसरी तो थांबल्यावरची शांतता. भारनियमनाच्या काळात लाइट गेली की आमची गल्ली एकदम गप्प व्हायची. अशाच एका दुपारी सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर भाच्यानं आणलेली बीटल्सची कॅसेट लावली होती. 'लेडी मॅडोना' हे त्यांचं गाजलेलं, पियानोवरचं दणदणीत गाणं संपलं आणि पाठोपाठ चक्क शहनाई वाजू लागली. मला वाटलं, पोरानं कॅसेटवर मध्येच कुणाच्या तरी लग्नाचं रेकॉर्डिंग टेप केलंय!

ते गाणं होतं 'द इनर लाइट'. जॉर्ज हॅरिसनचं. गिटार नाही, ड्रम नाही, तरी साठच्या दशकातल्या सगळ्यात मोठ्या रॉक बँडच्या नावावर असलेलं. जेमतेम अडीच मिनिटांचं. त्यातलं गायन लंडनचं, पण वाजवलेलं सगळं आपल्या मुंबईचं, फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओतलं.

हॅरिसनला मुंबई नवी नव्हती. १९६६च्या सप्टेंबरमध्ये तो पत्नीसह इथं आला, ताजमध्ये टोपणनावानं उतरला आणि पंडित रविशंकरांकडे सतार शिकू लागला. रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांनीही त्याला शिकवलं. पुढं जो मॅसॉट या दिग्दर्शकानं 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत त्याच्याकडे सोपवलं, तेव्हा त्यातला हिंदुस्थानी भाग मुंबईतच करायचा असं त्यानं ठरवलं. जानेवारी १९६८मध्ये तो पुन्हा आला. वादक जमवण्याचं काम शंभू दासांनी केलं.

स्टुडिओ मात्र साधा. मुंबईत तेव्हा दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र हाताशी नव्हतं, म्हणून ग्रामोफोन कंपनीचे प्रमुख भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून रेल्वेनं आणलं. खोली आवाजबंद नव्हती. रस्त्यावरच्या टॅक्सींचे आवाज आत यायचे आणि कान देऊन ऐकलं तर रेकॉर्डवरही सापडतात, असं हॅरिसननं नंतर सांगितलं आहे. लंडनच्या अद्ययावत स्टुडिओत एकेका गाण्यावर आठवडे घालवणाऱ्या माणसानं इथं चार-पाच दिवसांत चित्रपटाचं काम उरकलं आणि त्याच बैठकांत या गाण्याचं वादनही करून घेतलं.

गाण्याचे शब्द आले होते आणखी लांबून. हुआन मास्कारो हे मूळचे मायोर्का बेटावरचे, केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणारे पंडित. पेंग्विननं काढलेले गीतेचे आणि उपनिषदांचे त्यांचे इंग्रजी अनुवाद आपल्याकडेही अनेकांच्या कपाटात असतील. १९६७मध्ये ध्यानधारणेवरच्या एका टीव्ही चर्चेच्या निमित्तानं त्यांची हॅरिसनशी गाठ पडली. मग त्यांनी आपलं 'लॅम्प्स ऑफ फायर' हे पुस्तक त्याला पाठवलं आणि त्यातल्या 'ताओ ते चिंग'मधल्या ओळींना चाल लावता येईल का, असं पत्रातून विचारलं. त्या ओळींचा विषय काय, तर घराबाहेर न पडता जग जाणण्याचा! घरी बसून ज्ञानी होण्याचा हा जुना चिनी उपदेश केंब्रिजहून निघाला, मुंबईला येऊन परत लंडनला गेला, तेव्हा कुठं त्याची तबकडी झाली.

आता वादकांविषयी. सरोदवर आशिष खान, उस्ताद अली अकबर खाँचे चिरंजीव. पखवाजवर महापुरुष मिश्र. हार्मोनियमवर रिजराम देसाद. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. ते आकाशवाणीच्या नोकरीनिमित्त कटकहून मुंबईला आले होते आणि तोवर सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये चांगले रुळले होते. शहनाईवाल्याचं नाव इंग्रजी पुस्तकांत हनुमान 'जादेव' असं छापतात. मराठी कानाला ते जाधव वाटतं. साहेबाच्या स्पेलिंगमध्ये आपली आडनावं अशीच हरवतात, दुसरं काय!

गाण्यात शहनाई आणि सरोद उसळी घेतात आणि गायन सुरू झालं की सगळं निवतं, बासरी आणि पेटी तेवढी सोबत राहते. दीड-दोन वर्षं सतार गिरवलेल्या हॅरिसननं या गाण्यात सतार वाजवली नाही. सतारच काय, कुठलंच वाद्य नाही. आपल्या संगीताचा त्यानं फॅशनसाठी वापर केला, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. आपल्याहून चांगलं वाजवणारे समोर बसलेत हे कळणं आणि वाद्य खाली ठेवणं सगळ्यांना जमत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात त्यानं लंडनमध्ये आवाज दिला. एवढ्या वरच्या पट्टीत गाता येईल का, अशी त्याला धास्ती होती. लेनन आणि मॅकार्टनी यांनी धीर दिला आणि शेवटी आपले आवाजही जोडले. मग मंडळी महर्षी महेश योगींकडे ऋषिकेशला गेली. १५ मार्च १९६८ला इंग्लंडमध्ये 'लेडी मॅडोना'ची तबकडी आली. तिच्या मागच्या बाजूला हे गाणं होतं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याची ही पहिलीच वेळ. समोरची बाजू इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. मागची किती जणांनी लावली असेल कोण जाणे!

त्या तबकडीवर मुंबईच्या एकाही वादकाचं नाव नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निघालेल्या 'वंडरवॉल'च्या एलपीवर मात्र नावं छापली. त्यात संतूरवादक शिवकुमार शर्मा आहेत, बासरीवादक एस. आर. केंकरे आहेत, तारशहनाईचे विनायक व्होरा आहेत. 'द इनर लाइट' त्या एलपीवर नाही. त्यामुळं जे गाणं जास्त ऐकलं गेलं, त्याचे वादक जास्त काळ अनामिक राहिले. २९ नोव्हेंबर २००२ला, हॅरिसनच्या पहिल्या स्मृतिदिनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हे गाणं पुन्हा झालं. गायला जेफ लिन, सतारीवर रविशंकरांची कन्या अनुष्का.

'वंडरवॉल'ची २०१४मध्ये नवी आवृत्ती निघाली. तिच्यात या गाण्याचं गायनाशिवायचं एक वादन घातलं आहे. सुरुवातीला हॅरिसन वादकांशी बोलताना ऐकू येतो आणि मग नुसते फोर्टातल्या खोलीत बसलेले ते सगळे. मी ते इयरफोन लावून दोनतीनदा ऐकलं, टॅक्सी शोधत. ती काही सापडली नाही. आमच्या खिडकीबाहेर माग चालू होते.