पुठ्ठ्याची वाघीण

इंग्रजी ‘वॅगन’ या शब्दाची मराठींत ‘वाघीण’ झाली, ती कांहीं कोणा पंडिताच्या हातून झाली नाहीं. रुळांच्या कडेला राबणाऱ्या माणसांनीं एक परका शब्द ऐकला, आणि आपल्या ओळखीच्या शब्दांपैकीं जो त्यास सर्वांत जवळचा वाटला तो त्यास चिकटवून दिला. नांव असें भारदस्त मिळूनही या वाघिणीकडे पाहण्याची आपली दृष्टि मात्र उपेक्षेचीच राहिली आहे. फाटक बंद असलें म्हणजे मालगाडीच्या वाघिणी आपण मोजतों खऱ्या, पण त्यांच्याकडे पाहत नाहीं. एंजिनाचें चित्र मुलांच्या पुस्तकांत असतें. उतारूंच्या डब्यांतील भेटीगांठींवर कादंबरीकारांनीं प्रकरणें लिहिलीं आहेत. कोळसा, मीठ, धान्य आणि कापूस वाहून जिनें आधुनिक जगाचा संसार चालविला, त्या वाघिणीस वाङ्मयांत आणि इतिहासांत सारखीच जागा मिळाली आहे, म्हणजे जवळजवळ नाहींच.

असें असूनही इंग्लंडांतील जुन्या वाघिणींची खडानखडा माहिती आज उपलब्ध आहे. त्यांची लांबीरुंदी, फळ्यांची संख्या, रिबिटांच्या ओळी, रंग, त्यांवरील अक्षरांचें वळण, सर्व कांहीं सांपडतें. ही माहिती जपण्यांत मोठा वांटा कोणाचा, असें विचारलें तर उत्तर चमत्कारिक मिळतें. दिवसभर कचेरींत, शाळेंत किंवा दुकानांत आपलें काम करून रात्रीं जेवणाच्या टेबलावर दिव्याखालीं वीतभरही लांब नसलेल्या वाघिणी घडविणाऱ्या हौशी गृहस्थांचा तो वांटा आहे. ‘हा तर पोरखेळ!’ असें कोणी म्हणेल. काड्यापेट्या दोऱ्यांत ओवून ओटीवर झुकझुक गाडी आपण सर्वांनींच चालविली आहे. पन्नाशींत तेंच करणाऱ्या मनुष्यास इतिहासाचा सेवक कसें म्हणावें? या शंकेचें यथामति निरसन करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ खेळण्यापासूनच झाला हें कबूल केलें पाहिजे. जर्मनींतील मार्कलिन या कारखान्यानें १८९१ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत ठराविक मापांचे, एकमेकांस जुळतील असे रूळ व गाड्या मांडल्या. बॅसेट-लोक यानें १८९९ सालीं नॉर्दॅम्प्टन येथें आपली पेढी काढली, आणि खेळण्यांतील गाडी खऱ्या गाडीसारखी दिसावी हा आग्रह इंग्लंडांत रुजविला. १९१० सालीं लंडनमध्यें अशा हौशी मंडळींचा क्लब निघाला. ‘मेकॅनो’चा जनक लिव्हरपूलचा फ्रँक हॉर्नबी यानें १९२० पासून आगगाड्या विकावयास घेतल्या, आणि १९२५ सालीं ‘मॉडेल रेल्वे न्यूज’ हें मासिक सुरू झालें. परंतु दुकानांत मिळणारी वाघीण म्हणजे एक पत्र्याची डबी असे. फळ्या, रिबिटें, कड्याकोयंडे हें सर्व त्या पत्र्यावर नुसतें छापलेलें. सांचा एकच, आणि त्याच्यावर दहा मालकांचीं दहा नांवें. ज्यानें खरी वाघीण डोळे उघडे ठेवून पाहिली होती त्यास ती डबी खोटी वाटूं लागली. या असमाधानांतून घरच्या घरीं वाघीण घडविण्याची कला वाढीस लागली.

या कलेची सामुग्री अगदीं साधी. गुळगुळीत पुठ्ठा, पातळ लाकूड, पितळेची तार व पत्रा, टांचण्या, डाख देण्याचें साहित्य आणि शेलॅक. शेलॅक म्हणजे आपल्याकडील पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवरचीच लाख. ती स्पिरिटमध्यें विरघळवून तिचा एक हात दिला म्हणजे पुठ्ठा लाकडासारखा ताठ होतो. फळ्यांमधील फटी बोथट सुईनें ओढावयाच्या. कोपऱ्यावरील लोखंडी पट्टीचीं रिबिटें दाखवावयाचीं असल्यास पातळ पत्रा उलटा धरून मागच्या बाजूनें सुईनें एकेक ठिपका उठवावयाचा. साखळीच्या कड्या हव्या असल्या तर तार सळईवर गुंडाळून तिचे वेढे उभे कापावयाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे पातळ तक्ते आले व काम सोपें झालें. पण पद्धत तीच राहिली. या सर्वांच्या आधीं मोजमाप लागे. त्यासाठीं गृहस्थ सुटीच्या दिवशीं टेप आणि वही घेऊन मालधक्क्यावर जाई, परवानगी मागे, वाघिणीखालीं वांकून पाही, आणि हात काळे करून घरीं येई. अशाच वह्यांतून निघालेले कितीतरी नकाशे पुढें मासिकांतून छापले गेले.

मी स्वतः इतिहासाचा अध्यापक. इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीवर पंचवीसएक वर्षें व्याख्यानें दिलीं. ‘रेल्वेमुळें कोळसा स्वस्त झाला’ हें वाक्य किती वेळां उच्चारलें असेल याची गणना नाहीं. त्या वाक्याच्या पोटांत काय काय दडलें आहे हें मला प्रथम कळलें, तें एक वाघीण करावयास बसलों तेव्हां. एका जुन्या विद्यार्थ्यानें इंग्लंडहून येतांना मला एक नकाशा आणून दिला होता. रेल्वे-कंपन्यांचे आपसांतील हिशेब मिटविण्यासाठीं १८४२ सालीं क्लिअरिंग हाउस नांवाची संस्था निघाली होती. खासगी मालकांच्या वाघिणी कशा असाव्या याचे नमुनेही ती १८८७ पासून ठरवून देई. नकाशा तिच्या १९२३ सालच्या नमुन्याचा होता. सात फळ्यांची, बारा टन कोळसा नेणारी वाघीण. लांबी १६ फूट ६ इंच, रुंदी ८ फूट, दोन आंसांमधील अंतर ९ फूट. फुटास ४ मिलिमीटर हें रूढ प्रमाण धरलें म्हणजे हीं मापें ६६, ३२ आणि ३६ मिलिमीटर होतात. अडीच इंच जाडीची फळी या प्रमाणांत पुरी एक मिलिमीटरही भरत नाहीं.

माझी पहिली वाघीण चारही चाकांवर टेंकेना. तिवई कशाही जमिनीवर स्थिर राहते, चार पायांचें टेबल मात्र डुगडुगतें, हा घरोघरचा अनुभव आहे. खऱ्या वाघिणीस कमानी असल्यामुळें तिचें भागतें. पुठ्ठ्याच्या वाघिणीचा एक आंस मधल्या टेंकूवर झुलता ठेवून कारागीर तिला तिवईचा गुण देतात. ही युक्ति मीं उचलली आणि वाघीण रुळांवर उभी राहिली. पण खरी अडचण पुढेंच होती, आणि ती होती ब्रेकची.

नकाशांत वाघिणीच्या दोन्ही बाजूंस ब्रेकचा एकेक लांब दांडा होता, आणि कोणत्याही बाजूस उभें राहून पाहिलें तरी तो पाहणाराच्या उजव्या हातासच येत होता. हे दोन्ही दांडे वाघिणीखालून आरपार गेलेल्या एकाच शाफ्टास जोडलेले. हातांत तो जोड घेऊन पाहिला तेव्हां ध्यानांत आलें कीं, एका बाजूचा दांडा खालीं दाबला असतां शाफ्ट ज्या दिशेनें फिरतो, त्याच्या नेमका उलट तो दुसऱ्या बाजूचा दांडा दाबल्यानें फिरेल. म्हणजे एका दांड्यानें ब्रेक लागेल आणि दुसऱ्यानें सुटेल! नकाशा पुन्हां न्याहाळला. एका दांड्याच्या मुळाशीं एक दांतेरी जोड काढलेला होता. तो मॉर्टनचा क्लच. त्या बाजूची गति उलटवून ब्रेक लावण्याचें काम तो करतो.

इतका खटाटोप कशासाठीं? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला माझ्या व्याख्यानांत कधींच न आलेला मनुष्य भेटला. तो शंटिंगचा कामगार. पूर्वी पुष्कळ वाघिणींस ब्रेकचा दांडा एकाच बाजूस असे. घरंगळत जाणाऱ्या वाघिणीबरोबर या मनुष्यानें धांवावयाचें आणि दांड्यावर भार टाकून ती थांबवावयाची. दांडा पलीकडच्या बाजूस असला तर रूळ ओलांडून, प्रसंगीं दोन वाघिणींच्या मधून वांकून, त्यास पलीकडे जावें लागे. हें रात्रींच्या अंधारांत आणि पावसांतही चाले. कित्येकांचे हातपाय गेले, कित्येक जिवास मुकले. रेल्वे-नोकरांच्या अपघातांस आळा घालण्यासाठीं पार्लमेंटनें १९०० सालीं कायदा केला. आणि त्याखालीं १९११ सालीं जे नियम झाले त्यांनीं दोन्ही बाजूंस दांडा असणें आवश्यक ठरविलें. कायदा आणि नियम यांमध्यें अकरा वर्षें गेलीं, आणि जुन्या वाघिणींना पुढेंही मुदत मिळाली. कारण लाखों वाघिणींना नवा दांडा बसवावयाचा म्हणजे मालकांस खर्च होता. स्वस्त कोळशाच्या किंमतींत या माणसांच्या हातापायांचा हिशेब कोठेंच धरलेला नव्हता. पुठ्ठ्याच्या वाघिणीवरील तो दोन बोटें लांबीचा दांडा डाख देऊन बसवितांना माझा हात थोडा थांबला, हें सांगण्यास मला संकोच वाटत नाहीं. लिहिणारा मनुष्य ‘वाघीण’ एवढें लिहून पुढें जाऊं शकतो. करणारास तसें जातां येत नाहीं. दांडा कोणत्या बाजूस बसवावयाचा हें त्यास ठरवावेंच लागतें, आणि तें ठरवितांना ‘कां?’ हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो.

या हौशी लोकांच्या हातून दुसरें मोठें काम झालें तें वेळ साधण्याचें. ब्रिटनमधील कोळशाच्या वाघिणी बहुतांशीं खाणींच्या व कोळसा-व्यापाऱ्यांच्या मालकीच्या असत. त्यांवर मालकाचें नांव मोठ्या अक्षरांत रंगविलेलें असे. रिकामी वाघीण कोणत्या खाणीवर परत धाडावी हें लहान अक्षरांत लिहिलेलें असे. टोंकाची भिंत दारासारखी उघडत असल्यास त्या बाजूकडे चढत जाणारा पांढरा तिरपा पट्टा ओढलेला असे. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच सरकारनें या सर्व वाघिणी आपल्या ताब्यांत घेतल्या. मग रंग कोण देतो? मोडकी फळी काढून तिच्या जागीं कोरी, बिनरंगाची फळी ठोकली जाई, आणि नांवाची अर्धीं अक्षरें नाहींशी होत. १ जानेवारी १९४८ रोजीं रेल्वेचें राष्ट्रीयीकरण झालें तेव्हां अशा पांच लाखांहून अधिक वाघिणी सरकारी मालकीच्या झाल्या. त्यांच्या जागीं सोळा टनी पोलादी वाघिणी येत गेल्या, आणि पुढील वीसएक वर्षांत लाकडी वाघिणी बहुतेक सर्व मोडींत निघाल्या. लाखांनीं असलेली वस्तु जपून ठेवावी असें कोणासच वाटत नाहीं. ती नाहींशी झाल्यावर मात्र एकही सांपडत नाहीं. एखाद्या हौशी मनुष्यानें घेतलेलें छायाचित्र आणि त्याच्या वहींतील माप एवढाच कित्येक वाघिणींचा पुरावा आज शिल्लक आहे.

या लोकांचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. त्यांच्या सत्यप्रियतेलाही दुकानानें एक विचित्र बेडी घातली होती. इंग्लंडांतील एंजिनें युरोपांतील एंजिनांहून अंगानें लहान; त्यांच्या प्रतिकृतींत तत्कालीन यंत्र मावेना. म्हणून गाडीचें प्रमाण फुटास साडेतीन मिलिमीटरवरून चार मिलिमीटर केलें, आणि रूळ मात्र जुन्याच १६.५ मिलिमीटर अंतराचे ठेवले. खऱ्या रुळांचें ४ फूट ८॥ इंच अंतर या प्रमाणांत १८.८३ मिलिमीटर व्हावयास पाहिजे. म्हणजे रिबिटें मोजून बसविलेली वाघीण पिढ्यान्‌पिढ्या चुकीच्या रुळांवरून धांवत राहिली! कांहीं मंडळींनीं १९६६ सालीं अचूक मापांचा दंडक घालून दिला, पण त्यांची संख्या थोडीच. शिवाय रंगीत अक्षरांच्या वाघिणींचा या कलेंत सुकाळ असतो. वाघिणीमागें धांवणारा मनुष्य क्वचितच दिसतो. तरीही या नादाचें पर्यवसान कोठवर होऊं शकतें याचें उदाहरण लाँग विटनम या खेड्यांत आहे. ऑस्ट्रेलियाहून १९२५ सालीं इंग्लंडांत आलेला रॉय इंग्लंड नांवाचा तरुण तेथील जुनीं गवती छपरांचीं घरें डोळ्यांदेखत पालटतांना पाहून अस्वस्थ झाला, आणि तीं आहेत तशीं लहान प्रमाणांत करून ठेवूं लागला. १९५४ सालीं त्यांतून पेंडन संग्रहालय निघालें. घरें, शेतें, रूळ आणि वाघिणी यांसह १९२०–३० च्या सुमाराचें ग्रामजीवन तेथें उभें केलें आहे.

हें सर्व इंग्लंडचें झालें. आपला त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध एका एंजिनिअरच्या रूपानें आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यानें स्टॅफर्डशरमध्यें १९०४ सालीं उघडलेल्या लीक व मॅनिफोल्ड या अडीच फुटी रेल्वेची आंखणी केली. ती चिमुकली रेल्वे १९३४ सालींच बंद पडली. पण हौशी कारागिरांनीं तिच्या गाड्यांच्या प्रतिकृति करून तिला जिवंत ठेवलें आहे. त्याच कॅलथ्रॉपनें त्यापूर्वीं, १८९७ सालीं, आपल्या कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर बार्शी लाइट रेल्वे सुरू केली होती. तिच्या दाबीव पोलादाच्या वाघिणी लीड्स येथें घडविलेल्या, आणि कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये असा तिचा हिशेब. ही रेल्वे १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस पोंचली. कापसाच्या गाठी तिनें वाहिल्या, आषाढी-कार्तिकीचे वारकरीही वाहिले. एकविसाव्या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत तिचे रूळ टप्प्याटप्प्यानें उखडले गेले व रुंद रूळ आले. सोय झाली, याबद्दल तक्रार नाहीं. पण धाकट्या बहिणीच्या वाघिणींची रिबिटें मोजणारे लोक इंग्लंडांत घरोघर आहेत, आणि थोरलीच्या वाघिणीचा ब्रेकचा दांडा कोणत्या बाजूस होता हें विचारावयाचें झाल्यास आपण कोणाच्या दारीं जावयाचें?

कुर्डुवाडीस, पंढरपुरास, लातुरास त्या गाडीवर नोकरी केलेलीं माणसें अजून घरोघर असतील. त्यांच्यापाशीं जाऊन बसण्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. एक वही, एक टेप आणि ऐकून घेण्याची तयारी एवढें पुरतें. आणि घरांतील मुलगा ओटीवर काड्यापेट्या दोऱ्यांत ओंवूं लागला तर त्यास अभ्यासास पिटाळण्यापूर्वीं एकदां विचारून पाहावें, ‘बाळ, हिचा ब्रेक कोठें आहे?’ त्यास उत्तर येणार नाहीं. बहुधा आपल्यासही येणार नाहीं. मग दोघांनीं मिळून तें शोधावयास निघावें.