इतिहासाच्या पानाबाहेरची रहस्यकथा

मराठी कादंबरीचा इतिहास शिकविताना आम्ही प्राध्यापक मंडळी १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’वरून हरिभाऊ आपट्यांकडे येतो, आणि तेथून फडके-खांडेकरांकडे. या राजमार्गावर गोविंद नारायण दातार (१८७३–१९४१) यांच्या वाट्याला फार तर एखादे वाक्य येते; बाबूराव अर्नाळकरांना बहुधा तेही लाभत नाही.

दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची कथानके घेऊन ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारख्या कादंबऱ्या रचल्या. ‘कथानक उसने’ हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप. पण आगरकरांचे ‘विकारविलसित’ म्हणजे ‘हॅम्लेट’च, आणि देवलांचा ‘झुंझारराव’ म्हणजे ‘ऑथेल्लो’! नाटकात जे रूपांतर रंगभूमीची सेवा म्हणून गौरविले गेले, तेच कादंबरीत येताच उसनवारी ठरावे, या न्यायाची संगती मला आजवर लागलेली नाही. शेक्सपिअरकडून घेतले तर संस्कार आणि रेनॉल्ड्सकडून घेतले तर चोरी, एवढाच भेद असेल, तर तो वाङ्मयीन विवेक नव्हे. ती प्रतिष्ठेची उतरंड आहे.

अर्नाळकरांची कथा निराळी. त्यांच्या विपुलतेनेच त्यांचा घात केला. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्याची नोंद ‘गिनेस’च्या ग्रंथात आहे. सरासरी महिन्याला जवळजवळ दोन पुस्तके! एवढ्या लेखनात पुनरुक्ती येणारच, आणि ती आहे. धनंजय आणि छोटू ही जोडी पाहताच होम्स आणि वॉटसन आठवतात, हेही खरे. परंतु त्यांचे गद्य पाहा. वाक्य आखूड, क्रियापद थेट, संवादाला वेग. ज्यांचे शिक्षण कन्नड, हिंदी वा अन्य माध्यमातून झाले, अशा बृहन्महाराष्ट्रातील वाचकाला फडक्यांच्या नक्षीदार वाक्यापेक्षा झुंझार आणि काळापहाड यांच्या मागून मराठीत शिरणे सोपे होते. भाषा टिकविण्याचे हे कार्य आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून लहान मानण्याचे कारण नाही.

बंगालीत असे झाले नाही. शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश १९३२ मध्ये अवतरला, १९६५ मध्ये सत्यजित राय यांचा फेलूदा आला, आणि दोघेही तेथील वाङ्मयीन संस्काराचा भाग झाले. आपल्याकडे सुहास शिरवळकर (१९४८–२००३) स्मरणात राहिले ते प्रामुख्याने ‘दुनियादारी’साठी. त्यांचे दारा बुलंद आणि अमर विश्वास चाहत्यांच्याच आठवणीत उरले.

गुरुनाथ नाईक तर उत्तरायुष्यात गोव्यातच राहिले. बाराशेच्या वर त्यांच्या कादंबऱ्या. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले.

हे वाङ्मय स्वस्त कागदावर छापले गेले आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून हाताळले जाऊन झिजले. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी अशी पुस्तके जपून ठेवावीत, असे आम्हा प्राध्यापकांना सुचले नाही. त्यामुळे उद्या कोणी संशोधक निघाला, तरी त्याच्यापुढे साधने ठेवावीत कोठून? श्रोत्यांत अनेक माजी विद्यार्थी आहेत. कोणाच्या माळ्यावर अशी पुस्तके असतील, तर रद्दीवाल्याला बोलाविण्यापूर्वी ती शाळेच्या ग्रंथपालांना दाखवावीत. मुखपृष्ठ फाटलेले असले तरी चालेल. प्रकाशकाचे नाव आणि प्रकाशनवर्ष असलेले पान मात्र शाबूत असावे.